शाळेतला १६ मिमी साउंड प्रोजेक्टर पुन्हा चालवायचाय, सुरुवात कुठून?

वर्गमॉनिटर
मंडळी, शाळेच्या भांडारखोलीत अमेरिकन बनावटीचा १६ मिमी साउंड प्रोजेक्टर आहे. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल. दिवा २४ व्होल्ट २५० वॉट हॅलोजन, लेन्स ५० मिमी, झाकण हाच स्पीकर. फिल्म खाचेतून हाताने बसवायची. सोबत सहा रिळं: चार फिल्म्स डिव्हिजनची, एक विज्ञानाचं इंग्रजी, एकावर काहीच लिहिलेलं नाही. सभागृह १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, मुलं ८०.

मुलांना यंत्र चालताना दाखवायचंय, त्यामुळे 'डिजिटल घ्या' हे उत्तर आधीच बाद. ११५ व्होल्टचं काय करायचं? चित्र केवढं पडेल? रिळं लावण्याजोगी आहेत हे कसं ओळखायचं?

उगाच_एक
डिजिटल घ्या.

खडखड्या
वर उगाच_एक आले म्हणजे धागा चालणार.

मॉनिटर, आधी प्लगपासून लांब राहा. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलंत तर ट्रान्सफॉर्मर, मोटर, अँप्लिफायर सगळं एका दमात जाईल. २३० चे ११५ करणारा लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर आणा, निदान १००० व्हीए क्षमतेचा. दिवा २५० वॉटचा असला तरी मोटर, पंखा, अँप्लिफायर वेगळे, आणि सुरू होताना मोटर जास्त ओढते. प्रवासी लोक नेतात ते हलके कन्व्हर्टर इथे चालत नाहीत. त्यांतले बरेचसे विजेची लाट कापतात. इस्त्रीला चालतं, मोटर आणि अँप्लिफायरला नाही.

पण खरी गोम व्होल्टमध्ये नाही, सायकलमध्ये आहे, म्हणजे विजेची सेकंदाला किती आवर्तनं होतात त्यात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. आपल्याकडे ५०. मोटर इंडक्शन जातीची असेल तर ती त्याच प्रमाणात हळू फिरणार: २४ चौकटींऐवजी (फ्रेम) सेकंदाला २०. अकरा मिनिटांचं रीळ सव्वातेरा मिनिटं चालेल आणि गायकाने सा लावला की ऐकू येईल मंद्र सप्तकातला शुद्ध ध.

उगाच_एक
म्हणजे निवेदक नुकत्याच उठलेल्या कुंभकर्णासारखा बोलणार. मुलांना आवडेल.

खडखड्या
मुलांना आवडेल, संगीताच्या बाईंना नाही.

उपाय असा. मागचं झाकण काढून मोटरच्या दांड्यावरची पुली बघा. पुष्कळ मशीनांत तिला दोन पायऱ्या असतात, एक ५० साठी, एक ६० साठी. पट्टा मोठ्या पायरीवर सरकवला की काम झालं. एकच पायरी असेल तर लेथवाल्याकडून व्यास २० टक्के वाढवून नवी पुली करून घ्यावी लागते, म्हणजे २० मिमी असेल तर २४. मोटर कार्बन ब्रशची आणि गव्हर्नरवाली (वेग आपोआप स्थिर ठेवणारी) असेल तर मात्र तिला सायकलशी देणंघेणं नसतं.

वेग तपासायला यंत्र लागत नाही. १६ मिमीच्या एका फुटात ४० चौकटी, म्हणजे २४ च्या वेगाने मिनिटाला ३६ फूट. कोऱ्या लीडरवर (फिल्मच्या सुरुवातीला जोडतात ती बिनचित्राची पट्टी) १०० फुटांच्या दोन खुणा करा आणि घड्याळ लावा. २ मिनिटं ४७ सेकंद आली तर बरोबर. ३ मिनिटं २० सेकंद आली तर २० चा वेग आहे.

व्हॉल्व्हबाबा
खडखड्यांना पुरवणी. ६० सायकलसाठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, कारण गाभा लवकर संपृक्त होतो. ११५ ऐवजी १०५ च्या आसपास दिलेत तर त्याचा जीव वाचतो. दिवा किंचित पिवळा पडेल, पण जास्त तास टिकेलही. अर्धा तास चालवून ट्रान्सफॉर्मरजवळच्या पत्र्याला हात लावा. हात ठेववत नसेल तर थांबा.

मोजपट्टी
चित्राचं गणित मी करते. १६ मिमीच्या गेटची (दिव्यापुढे फिल्म धरणारी खाच) खिडकी साधारण ९.६५ × ७.२१ मिमी. पडद्यावरची रुंदी = अंतर × ९.६५ ÷ लेन्सचं फोकल अंतर.

१२ मीटरच्या खोलीत मागे मशीन आणि माणूस, पुढे पडद्याची जागा सोडली की ११ मीटर उरतात. ५० मिमीने चित्र २.१२ मीटर रुंद, १.५९ मीटर उंच. तोंडी हिशेब हवा असेल तर ५० मिमीला अंतराचा पाचवा हिस्सा, ३८ मिमीला चौथा.

कुणीतरी ३८ ची लेन्स सुचवेलच, म्हणून आधीच सांगते: रुंदी २.८ मीटर होईल, पण क्षेत्रफळ पावणेदोनपट होऊन उजेड ५८ टक्क्यांवर येईल. शेवटच्या रांगेच्या अंतराचा सहावा भाग एवढी रुंदी पुरते. १२ मीटरला २ मीटर. तुमची लेन्स बरोबर आहे, पैसे वाचवा.

पडदा नसला तर मॅट पांढरी भिंत उत्तम. ऑइल पेंटची चकाकणारी भिंत नको, मधोमध दिव्याचा डाग दिसतो. आणि खिडक्या खऱ्या अर्थाने बंद हव्यात, एवढ्या दिव्याला दुपारच्या उजेडाशी झुंजता येत नाही. जाड सोलापुरी चादर दुहेरी करून खिळ्यांना टांगली की पुरते.

उगाच_एक
चादरीवरच सिनेमा दाखवा, डिझाइन फुकट.

रीळवाला
सगळे मशीनमागे लागलेत. मशीनचे भाग मिळतात, फिल्म परत मिळत नाही. म्हणून आधी रिळं.

डबा उघडून वास घ्या. शिरक्याचा आंबट वास आला तर ॲसिटेटचा पाया विघटित होतोय. असं रीळ बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा, कारण त्या वाफेने शेजारची रिळंही लवकर बिघडतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, वाफ आत कोंडते.

मग आकसणं. रिळातल्या १०० छिद्रांची लांबी साधारण ७६ सेंटीमीटर भरायला हवी. नवी फिल्म शेजारी ठेवून मोजा. १०० छिद्रांत पूर्ण एक छिद्र मागे पडलं म्हणजे १ टक्का आकसली. ती लावू नका. दातेरी चाकावर बसणार नाही, क्लॉ, म्हणजे फिल्म ओढणारा पंजा, छिद्राची कड फाडत जाईल.

तिसरं, हाताने रिवाइंड करताना कडा दोन बोटांत सैल धरा, हातात सुती हातमोजे. फाटकं छिद्र किंवा उसवलेला जोड बोटाला कळतो. जुने सिमेंटचे जोड वाळून सुटतात. ते दुरुस्त करायला टेपचा स्प्लायसर बरा. सिमेंट फक्त ॲसिटेटवर धरतं, तेही इमल्शन (चित्राचा थर) खरवडल्यावर. पॉलिएस्टरवर धरत नाही.

रंगीत प्रिंट गुलाबी पडली असेल तर ती तशीच राहणार. निळसर रंग उडाला की तो मशीनमध्ये परत येत नाही.

भित्रा_ससा
मला वेगळीच भीती. जुनी फिल्म म्हणजे नायट्रेट ना? ८० मुलांच्या खोलीत पेट घेतला तर?

पडद्यामागे
सशा, निश्चिंत झोप. नायट्रेटची भानगड ३५ मिमीची. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी आणली ती घरात वापरायला, आणि सुरुवातीपासून सेफ्टी पायावर, म्हणजे नायट्रेटसारखा भडकन न पेटणाऱ्या. रुंदी १६ ठेवण्यामागचं कारण असं सांगतात, की ३५ उभी चिरली तर दोन १७.५ च्या पट्ट्या होतात. १६ केली की कोणी नायट्रेट चिरून घरच्या मशीनमध्ये घालू शकत नाही. आवाज तिच्यावर १९३० च्या दशकात आला. त्यासाठी एका कडेची छिद्रं काढून तिथे ध्वनिपट्टी छापली. म्हणून साउंड फिल्मला एकाच कडेला छिद्रं असतात.

इथे एक धोका लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना दात असलेल्या जुन्या मूक मशीनमध्ये साउंड फिल्म घातली तर दुसरीकडचे दात थेट ध्वनिपट्टीत भोकं पाडत जातात. मॉनिटरांचं मशीन साउंडचं आहे, त्यांना भीती नाही.

अवांतर: फिल्म्स डिव्हिजन १९४८ मधलं, मुंबईत पेडर रोडला. चित्रगृहात मुख्य सिनेमाआधी वार्तापट, माहितीपट दिसत ते ३५ वर, आणि क्षेत्रीय प्रसिद्धीच्या गाड्या, शाळा, संस्था यांच्यासाठी १६ मिमी प्रती. खेड्यात वीज नसेल तिथे गाडीबरोबर जनरेटर जायचा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं, तिथूनही फिल्म सोसायट्यांना १६ मिमी प्रिंट मिळायच्या. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आणि संग्रहालय दोन्ही एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) विलीन झाले.

उगाच_एक
वार्तापट म्हणजे पॉपकॉर्न आणायची वेळ.

पडद्यामागे
तेव्हा शेंगदाणे होते. मूळ मुद्द्यावर या.

व्हॉल्व्हबाबा
मूळ मुद्दा म्हणजे आवाज. शाळेतली दहापैकी नऊ मशीनं 'चित्र येतं, आवाज नाही' म्हणून भांडारात जातात, आणि दोष बहुधा किरकोळ असतो.

रचना समजून घ्या. एक्सायटर नावाचा छोटा दिवा असतो, बऱ्याच मशीनांत ४ व्होल्ट ०.७५ अँपिअरचा. त्याचा उजेड बारीक फटीसारखा होऊन ध्वनिपट्टीतून जातो आणि मागच्या फोटोसेलवर (उजेडाची वीज करणारा भाग) पडतो. पट्टीच्या नक्षीप्रमाणे उजेड कमीजास्त होतो, तोच आवाज. गेटपाशी फिल्म थांबत-थांबत चालते, ध्वनीच्या ड्रमवर ती अखंड चालायला हवी. म्हणून आवाज गेटपाशी न वाचता पुढे वाचतात आणि छापताना तो आपल्या चित्राच्या २६ चौकटी पुढे ठेवतात.

आता तपासणी. मशीन चालू, फिल्म नाही, आवाजाची कळ निम्म्यावर. व्हिजिटिंग कार्ड एक्सायटरच्या उजेडात झटकन आत-बाहेर करा. स्पीकरमधून 'धप्प' आला तर फोटोसेल आणि अँप्लिफायर जिवंत आहेत. नाही आला तर एक्सायटर पेटलाय का ते बघा, मग स्पीकरची तार.

गुणगुण असेल तर उजेड कार्डाने पूर्ण अडवा. गुणगुण थांबली तर दोष एक्सायटरच्या पुरवठ्यात: त्याला एकदिश किंवा उच्च वारंवारितेचा पुरवठा असतो, तिथला कपॅसिटर म्हातारा झाला की १०० सायकलची गुणगुण घुसते. अडवूनही चालू राहिली तर अँप्लिफायर बघा.

आवाज लडबडत असेल, लांबलचक सूर हेलकावत असेल, तर फिल्म ड्रमवर घट्ट बसत नाही. दाबणारा रबरी रोलर कडक झालेला असतो, नाहीतर फ्लायव्हीलचं बेअरिंग सुकलेलं.

आणि आवाज बोंगा वाटला, 'स' ऐकूच येत नसला, तर ध्वनीचं भिंग किंवा त्याची फोकसची कळ. इमल्शन पडद्याकडे आहे की दिव्याकडे, त्यावर फट कुठे फोकस व्हायला हवी ते ठरतं. काही मशीनांत त्यासाठी वेगळी कळ असते. प्रिंट बदलली की ती फिरवून बघा.

झिरोवॉट
बाबा, एक्सायटर मिळत नसेल तर एलईडी बसवा ना. लाल एलईडी, स्थिर करंट, गुणगुण कायमची संपली.

व्हॉल्व्हबाबा
एलईडीला विरोध नाही, घाईला आहे. सिलिकॉन फोटोसेलला अवरक्त उजेड फार आवडतो, आणि एक्सायटरचा तापलेला तंतू तो भरभरून देतो. पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतो, म्हणून लोक 'आवाज निम्मा झाला' म्हणतात. लाल घेतलीत तरी ती तंतूच्या जागी नेमकी बसली नाही तर फट अर्धवट उजळते आणि आवाज फाटतो. सहा रिळांसाठी मूळ दिवाच शोधा.

झिरोवॉट
मान्य. पण साठाव्या रिळाला मी बरोबर असेन.

खडखड्या
साफसफाई राहिली. गेटमध्ये इमल्शनचा कडक थर चिकटतो, तो पिन किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. पॉलिशवर एक ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक फिल्मवर उभी रेघ. बांबूची टोकदार काडी आणि मऊ ब्रश. ध्वनिड्रम आणि रोलर आयसोप्रोपिलने, फोटोसेलपुढचं भिंग कापसाने.

रबरी पट्टा वितळून डांबर झाला असेल तर पुल्या आधी पुसून मगच नवा घाला. लांबी मोजायला पुल्यांभोवती दोरा फिरवा आणि सुमारे ५ टक्के कमी घ्या. तेल हलकं मशीन ऑइल, बेअरिंगला एक थेंब. पट्ट्यावर, शटरवर (उजेड अडवणारी फिरती पाती), फिल्मच्या वाटेवर तेल नको. गंजावर मारतात तो स्प्रे तर नकोच, तो उडून ध्वनीच्या भिंगावर बसतो. काही जुन्या मशीनांत प्लास्टिकचा वर्म गिअर असतो, तो वयाने चिरतो. मशीन हाताने फिरवताना ठराविक जागी कट-कट वाजली तर मोटर लावू नका.

दिवा नवा घालताना काचेला बोट लावू नका. घामाचा डाग तापून काच फुगते. तुमच्या जातीचे २५० वॉटचे दिवे सुमारे ५० तासांचे असतात. खेळ संपला की पंखा दोन मिनिटं चालू ठेवा, गरम दिव्यासकट मशीन उचलू नका, तंतू तुटतो.

चष्मिस
फिल्म बसवायची पद्धत कोणी सांगेल का? चित्र खाली-वर थडथडतं, ते कशामुळे?

रीळवाला
ते बहुतेक वेळा खालचं लूप हरवल्यामुळे. दातेरी चाक अखंड फिरतं, क्लॉ फिल्म झटक्याने ओढतो. मधला ढिलेपणा म्हणजे लूप. ते गेलं की ओढाताण होऊन छिद्रं फाटतात, म्हणून थडथड ऐकताच दिवा आणि मोटर बंद, मग कारण शोधा.

दिवा बंद ठेवून पुरवठ्याच्या रिळातून पाच फूट लीडर काढा. पहिल्या दातेरी चाकावर छिद्रं बसवून पकड लावा, कोरलेल्या रेघेपर्यंत वरचं लूप ठेवा, गेटमध्ये घाला, खालचं लूप, मग ध्वनिड्रमला घट्ट वळसा, शेवटचं दातेरी चाक, आणि घेणारं रीळ. घेणारं रीळ पुरवठ्याच्या रिळाएवढं किंवा मोठं हवं, लहान असेल तर शेवटची फिल्म जमिनीवर. हाताची कळ दोन-तीन फेऱ्या फिरवा, क्लॉ छिद्रात जातोय का पाहा. मगच मोटर, मग दिवा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर खालच्या लूपकडे बघा. एक चौकट जास्त धरलीत तर २४ वा हिस्सा सेकंदाची चूक. आणि मॉनिटर, झाकणाचा स्पीकर मशीनपाशी ठेवू नका, तार ओढून पडद्याखाली न्या. मागून बोलणारा माणूस मुलांना विचित्र वाटतो. ध्वनीला १४ मीटर जायला एक चौकट लागते, १२ मीटरच्या खोलीत त्याची काळजी नको.

शीर्षकाच्या पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली धुरकट शेपटी दिसली तर शटरचा मेळ चुकलाय. तो लूपने सुटत नाही, शटर दांड्यावर किंचित फिरवावं लागतं.

वर्गमॉनिटर
सगळ्यांना दंडवत. पुलीला दोन पायऱ्या निघाल्या, पट्टा मोठ्या पायरीवर टाकला, १०० फूट लीडर २ मिनिटं ४९ सेकंदांत. कार्डाचा 'धप्प' आला. फिल्म्स डिव्हिजनच्या चारही रिळांना वास नाही, १०० छिद्रं ७५.९ सेंटीमीटर. विज्ञानाचं रीळ आंबूस येतंय, बाहेर व्हरांड्यात ठेवलंय.

राहिलं बिनलेबलचं. वास नाही, पण भिंगाने पाहिलं तर छिद्रं दोन्ही कडांना आहेत आणि ध्वनिपट्टी दिसत नाही. हे लावू का?

उगाच_एक
लावा, कुंभकर्ण मौनात गेला असेल.

पडद्यामागे
दोन्ही कडांना छिद्रं म्हणजे मूक. लावलंत तर स्पीकरमधून फटफट ऐकू येईल, कारण आवाजाच्या वाटेवरून चौकटीमागे एक छिद्र जातं, सेकंदाला २४. आवाजाची कळ शून्यावर ठेवली की ते थांबतं. पण मूक फिल्म बहुधा १६ किंवा १८ च्या वेगाने घेतलेली असते, तुमच्या २४ वर माणसं धावत सुटतील.

रीळवाला
ते लावूच नका, वेगासाठी नव्हे. फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटाच्या प्रती अनेक निघाल्या. एक फाटली तर वाईट, पण संपलं नाही. शाळेत सापडलेली मूक, बिनलेबलची फिल्म म्हणजे कोणीतरी तिथेच कॅमेऱ्याने घेतलेली असण्याची शक्यता मोठी, आणि ती असेल तर पडद्यावर जाणारी तीच मूळ. दुसरी प्रत नाही. प्रोजेक्टरच्या क्लॉऐवजी ती स्कॅनरवर जाऊ दे, तिथे आकसलेली फिल्मही सांभाळून ओढतात. भिंतीवर पाडून मोबाइलने टिपणं नको, लुकलुकही येते आणि मूळही झिजतं.

तोवर लाइट टेबलवर किंवा पांढऱ्या कागदामागे टॉर्च धरून लीडर आणि पहिल्या चौकटी भिंगाने बघा. लीडरवर पेन्सिलने काही लिहिलंय का? कोडॅकची असेल तर कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं छापलेली असतात. त्यावरून कच्च्या फिल्मचं वर्ष कळतं, फक्त ती दर २० वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून चित्रातले कपडे, गाड्या बघून दशक ठरवावं लागतं. डबा फेकू नका.

वर्गमॉनिटर
लीडरवर पेन्सिलने 'कवायत' एवढंच आहे. पहिल्या चौकटीत मैदान, मागे एक कौलारू इमारत. आमची इमारत स्लॅबची आहे.

मोजपट्टी
तुमच्या आधी त्या जागेवर काय होतं ते शाळेच्या जुन्या नकाशात बघा. आणि मुलांना फिल्म्स डिव्हिजनची चार रिळंच लावा.